साहेबाची घागर

माझे वडील भिक्षुकी करायचे आणि त्यांच्या पोटी मी अशी निपजले, की पितर-बितर यांवर काडीचा विश्वास नाही. आजही फारसा नाही. तेव्हा हे वाचून 'बाईंना भास झाला असेल' असं ज्यांना वाटेल, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मीही तेच म्हटलं असतं... पण तिथे मी स्वतः होते, आणि बोलत होते तीही मीच.

१९६० च्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. अकोल्याच्या एका ओळखीच्या वकिलांनी अमेरिकेहून आलेल्या बाईंना दुभाषी म्हणून माझं नाव सुचवलं. मिस थॉर्नबी. सत्तरीच्या, अविवाहित, वैशाखाच्या उन्हाने लालबुंद झालेल्या.

त्यांचे आजोबा जोसाया थॉर्नबी म्हणजे तिकडचे गेल्या शतकातले बडे कारखानदार. कापसातून सरकी काढायची यंत्रं ओतायचे. आपल्या वऱ्हाडात कापसाचं सोनं होतंय हे कळल्यावर त्यांनी थोरल्या मुलाला, एडविनला, यंत्रं घेऊन इकडे पाठवलं. तो परत गेलाच नाही. जहाजावर पटकीने गेला, असं घरात सांगण्यात आलं आणि पुढे म्हाताऱ्याने त्याचं नावही कुणाला घेऊ दिलं नाही. कारखाना धाकट्याकडे आला. तो या बाईंचा बाप. त्याला ती जहाजाची गोष्ट कधी पटली नाही.

"माझे वडील शेवटपर्यंत एकच विचारत होते," बाई म्हणाल्या, "एडविन आमच्यावर रागावूनच गेला का? घरात आता मी एकटी उरले आहे. एवढं कळलं की झालं."

अकोल्याच्या दफनभूमीत त्यांना काही सापडलं नव्हतं. मी हे सगळं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तर ते पानाला चुना लावता लावता थांबले. "यंत्रवाला साहेब? बडनेऱ्याच्या सगुणाबाई माळणीकडे मी दर अखजीला साहेबाची घागर भरतो. त्यांच्या आजीने घातलेला शिरस्ता. उद्या अखजीच आहे, घेऊन ये बाईंना."

अक्षय तृतीयेला आमच्याकडे अखजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने नव्या मातीच्या घागरी पाण्याने भरायच्या, चिंचवणीचा, म्हणजे गूळ घातलेल्या चिंचेच्या पाण्याचा, नैवेद्य दाखवायचा. घागर भरताना मेलेल्याचं नाव लागतं, त्याच्या बापाचं लागतं, गोत्र लागतं. सगुणाबाईंना साहेबाचं यातलं काहीच माहीत नव्हतं. अण्णा आपले दरवर्षी 'अज्ञात' म्हणून पाणी सोडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मळ्यात पोचलो. वांग्यांचे वाफे, विहीर, लिंबाच्या सावलीत सारवलेली जागा आणि ओळीने मांडलेल्या घागरी. शेवटची साहेबाची. अण्णांनी मला नावं विचारली, मी बाईंना विचारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाने संकल्पात 'जोसाया-पुत्र एडविन' म्हटलं. गोत्राचं मात्र अडलं नाही. गोत्र माहीत नसलं की काश्यप, हा आमचा ठरलेला तोडगा. अमेरिकेतल्या कारखानदाराचं घराणं असं काश्यप गोत्री झालं. मला हसू येत होतं. बाई मात्र हात जोडून उभ्या होत्या.

मग आम्ही सावलीत बसलो. मिस थॉर्नबींनी विचारलं, ते मी सगुणाबाईंना सांगितलं. सगुणाबाई पदराने वारा घेत बोलू लागल्या आणि मी भराभर इंग्रजीत सांगत गेले. त्या यंत्राचे दाते आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला सोसले नाहीत. धागा फाटायचा. एकही यंत्र खपलं नाही. कप्तानाने सांगितलं होतं, सगळी विकल्याशिवाय दारात येऊ नको. त्याला कप्तानाचा राग नव्हता. लाज होती. म्हणून तो इथेच राहिला, माळ्याच्या विहिरीवर बैल हाकत, आणि इथेच तापाने गेला. धाकट्याला लोखंडावर टिचकी मारून चीर ओळखायला शिकवायचं राहून गेलं, याचं त्याला फार वाटायचं...

बाईंनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मलाही भरून आलं.

परतताना तांग्यात अण्णा म्हणाले, "एवढं काय सांगत होतीस गं त्यांना?"

"सगुणाबाई जे सांगत होत्या तेच."

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या एवढंच म्हणाल्या, 'साहेब तापानं गेला, आजीनं पानी पाजलं, बाकी मले मालूम नाई.' पुढचं सगळं तूच बोलत होतीस."

मी रागावले. अण्णांना ऐकू कमी येतं, अशी स्वतःची समजूत घातली. पण रात्रभर चैन पडेना. सकाळी एकटीच मळ्यात गेले.

सगुणाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. म्हणाल्या, "मी कावून सांगीन माय? मले काय ठावं? तूच तिच्यासंग बोलून रायली होती. मले वाटलं, शिकेल पोरगी हाय, पुस्तकातलं सांगत असंल."

"आणि कप्तान? कप्तान कोण?"

"कोन कप्तान?" त्यांनी मलाच विचारलं.

बिचाऱ्या मिस थॉर्नबींच्या पदरात मी स्वतःच्या मनातलं काहीतरी बांधून दिलं होतं की काय? दुपारच्या गाडीने त्या मुंबईला निघणार होत्या. तशीच बडनेरा स्टेशनवर धावले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सगुणाबाई हे काही बोललेल्या नाहीत, मी कुठून बोलले मला माहीत नाही, त्यावर विश्वास ठेवू नका.



"आजोबांना घरात सगळे कप्तानच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "आणि पोरी, काल तू बोलत होतीस ते तुझं इंग्रजी नव्हतं. आमच्या गावची जुनी बोली होती ती. माझे वडील तसे बोलायचे. ते गेल्यापासून मी ती ऐकली नव्हती."

"मग तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"थांबवलं असतं तर ते बंद झालं असतं."

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालू लागले. बाईंचा चेहरा एकदम पडला, काहीतरी हातातून निसटल्यासारखा.

"मी किती आपमतलबी," त्या म्हणाल्या. "तो समोर बसून बोलत होता, आणि मी सगळं आमच्यापुरतंच विचारलं. तू रागावलास का, आम्हाला माफ केलंस का... तू कसा आहेस, एवढंसुद्धा विचारलं नाही गं त्याला."

पुढे सगुणाबाई गेल्या, अण्णा गेले. अण्णा म्हणायचे, नाव मिळालं म्हणून तो बोलला. मला ते पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही. दर अखजीला मी आता घरीच एक घागर भरते, दार लावून घेते आणि इंग्रजीत विचारते, कसा आहेस?

उत्तर येत नाही. जिने विचारायला हवं होतं, ती मी नव्हे.