मावसाजींची वाफवलेली मासोळी

कढईत बुडल्याशिवाय मासोळीला मुक्ती नाही, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता आणि तो आमच्या मावशीचा नवरा होता. मावशीच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे मासोळीनं तिच्या सैपाकघराचा उंबरठा कधी ओलांडला नाही. मावसाजी दर रविवारी अंगणात विटांची चूल मांडत, रोहू स्वतः चिरत, भिवापुरी तिखटात लालभडक करत आणि फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात असा तळत, की पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनाही नेमकी तेव्हाच मावसाजींच्या तब्येतीची विचारपूस करायची आठवण होई. हिंगण्याच्या कारखान्यातून ते हसत रिटायर झाले होते. कढई सोडणं मात्र जिवावर आलं.

आणि खरंच जिवावर आलं. छातीत दुखलं, तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं, मासे खुशाल खा, पण वाफवून. मावसाजींना हा मासोळीचा अपमान वाटला. "वाफवलेली मासोळी म्हणजे सलाइन लावलेला पेशंट," ते म्हणायचे. तरी पथ्य पाळलं बरं का, पण आपल्या पद्धतीनं. आधी मासोळी वाफवायची, डॉक्टरांचा मान राखायचा, आणि मग तळायची. एकदा वाफवली की ती तेल पीत नाही, हा शोध त्यांनी मला मोठ्या गंभीरपणे समजावून सांगितला. मला हसू आवरेना. मावशी हसली नाही. चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागायची आणि तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

मग एका रविवारी मी गेलो, तर अंगणात चूल नाही आणि मावसाजी सैपाकघराच्या दारात उभे. आत मावशी नाकाला पदर लावून गॅससमोर. ज्या चाळणीत नैवेद्याचे मोदक उकडायचे, त्याच चाळणीत रोहूचे तुकडे मांडलेले. "बाहेर शिजवली त पुन्हा तेलात जाते," एवढंच ती म्हणाली.

मावसाजींनी काटे सोडून सगळं संपवलं, आणखी मागून घेतलं. मला फाटकापर्यंत सोडायला आले, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "चव म्हणशील त काहीच नाही गा," ते म्हणाले, "पण तिनं माह्यासाठी आपला नेम मोडला. आता मी कोणत्या तोंडानं कढई धरू?"

त्यांनी ती पुन्हा धरली नाही. त्यानंतर बरीच वर्षं जगले, तिच्यासमोर बसून जेवले.

आता ते नाहीत. सैपाकघर धुऊन मावशी पुन्हा आपल्या नेमाला लागेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण रविवारी मी गेलो की ती रोहू आणायला पिटाळते, तशीच नाकाला पदर लावून वाफवते आणि मी जेवत असताना समोर बसून राहते.

"तुह्या मावसाजीले अशीच लय आवडे," ती म्हणते.

मी हो म्हणतो आणि आणखी एक तुकडा वाढून घेतो.