माहेरची तगर

आज सकाळी लखनौच्या इंदिरा नगरमधल्या आमच्या बाल्कनीत तगरीखाली मिऱ्यांसारख्या काळ्या लेंड्या दिसल्या. पान उलटलं, तर बोटाएवढी हिरवीगार अळी. डोक्यामागे डोळ्यांसारखे निळे ठिपके. हिचाच पुढे हिरवा पतंग होतो.

लहानपणी इथल्याच सरकारी क्वार्टरमध्ये अशा अळ्यांनी आईची तगर पार बोडकी केली होती. तिची फांदी आईनं माहेराहून, अकोल्याहून आणून लावलेली. माळी औषध घेऊन आला, तर आई म्हणाली, "रहने दो भैया." मी चिडले. आई पानांवरून हात फिरवत म्हणाली, "इतक्या लांब माझ्या माहेरचं खायला दुसरं कोण येतं गं?"

मी खूप हसले होते.

मामा लखनौला एकदाही आला नाही, हे आज अळीला परत पानावर ठेवताना लक्षात आलं.