फोनवरचा हात

आमच्या शेजारचे वर्नर लाह्टी जन्मभर शाळेची बस चालवत होते, पण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या डुलुथमध्ये त्यांची ओळख बोलका माणूस म्हणूनच. चढणाऱ्या प्रत्येक पोराला काहीतरी ऐकवल्याशिवाय त्यांची गाडी हलायची नाही. त्यांची बायको जॉइस म्हणायची, "इथे सरोवर गोठतं, नळ गोठतात, ह्यांचं तोंड तेवढं गोठत नाही." देवाने जीभ दिली ती नाम घ्यायला, असं मी म्हटलं की वर्नर म्हणत, "मग माझ्या वाटणीचं तूच घे शैला, मला सवड नाही."

एवढं बोलणारा माणूस, पण जी एक गोष्ट बोलायची ती बोलला नाही.

जॉइसला फुप्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा त्यांची एकुलती मुलगी हायडी अॅरिझोनात होती. दर रविवारी चर्च सुटल्यावर तिचा फोन यायचा, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या जुन्या हिरव्या फोनवर. मी जॉइससाठी मऊ भात घेऊन जायची, तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वर्नर फोनवर म्हणायचे, "आई ना? अगं, आत्ताच माझ्यावर ओरडली, म्हणजे तब्येत ठणठणीत!" तेवढ्यात आतून जॉइस खोकायची, हाक मारायची, "हायडी आहे का? मला द्या ना." की लगेच वर्नर फोनच्या तोंडावर तळहात दाबून धरत. आत म्हणत, "देतो, देतो." मग हात काढून पुढचा विनोद. खोकला थांबला की देऊ, असं त्यांच्या मनात असायचं. खोकला थांबायचा नाही, आणि फोन द्यायचा राहून जायचा.

हायडी आली ती थेट दफनाला. शेवटचे महिने आई अंथरुणातून उठतही नव्हती, हे तिला दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी ओतणाऱ्या बायकांकडून कळलं. त्या दिवसापासून तिने बापाशी बोलणं टाकलं. वर्नर फोन करत, ती उचलत नसे.

मग त्यांना घर खायला उठलं. आमच्या विद्यापीठात म्हाताऱ्यांना वर्गात बसू देतात, तसं त्यांनी मातीकामात नाव घातलं. नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून वाडगे करू लागले. पहिला मला आणून दिला.

"राखदाणी का?" मी विचारलं.

"नैवेद्याची वाटी आहे ती! तुझा देव तुझ्यापेक्षा समजूतदार असेल अशी आशा आहे."

त्या वर्गात एक रीत आहे. काम मांडलं की बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, करणाऱ्याने मात्र तोंड उघडायचं नाही. पहिल्या खेपेला वर्नरनी तीनदा मधेच तोंड घातलं, तेव्हा त्यांच्या शिक्षिका कोवाल्स्कीबाईंनी त्यांना दाराबाहेर उभं केलं. "बसमधून मी पोरांना उतरवायचो," ते मला हसत सांगत होते, "आता मलाच उतरवलं."

या वर्षी त्यांनी तोच हिरवा फोन मातीत केला. कोपऱ्याचा टवका उडालेला, वेटोळ्यांची दोरी खाली लोंबणारी. आणि फोनच्या तोंडावर दाबून धरलेला एक हात. अंगठ्याचं नख आडवं वाढलेलं, त्यांचं आहे तसंच. वर्गात पोरं म्हणाली, "सरकार आपले फोन ऐकतं, त्यावर आहे हे." दुसरं म्हणालं, "जुनं तंत्रज्ञान मरतंय, ते दाखवलंय." वर्नर गप्प बसून राहिले. घरी येऊन मला म्हणाले, "शैला, तासभर गप्प होतो. वाटलं, जॉइस मागे बसून हसतेय."

एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन लागलं. एका भिंतीला भित्तिचित्रं, मध्ये नवे कपडे चढवलेले पुतळे, पलीकडे पोरांनी घडवलेल्या खुर्च्या, अंधाऱ्या खोलीत हलती चित्रं. वर्नरनी हायडीला निमंत्रणाचं कार्ड पाठवलं होतं, कार्डावर मजकूर काही नाही, फक्त सही. आदल्या दिवशी तिचा निरोप आला: येते, पण घरी उतरणार नाही.

प्रदर्शनात सकाळपासून वर्नर आपल्या मातीच्या फोनपाशी उभे होते, मीही सोबत होते. "ती आली की सांगून टाकतो सगळं," ते म्हणाले. "मी का तसं केलं, माझं काय चाललं होतं तेव्हा..."

"आणि मधे विनोद घालाल."

"एवढाच धोका आहे बघ," ते म्हणाले. "एक विनोद केला की ती गेली. मग पुन्हा यायची नाही."

मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, आज या माणसाच्या जिभेवर तूच बस.

हायडी दुपारी आली. कोट न काढता थेट फोनसमोर उभी राहिली. टवका पाहिला, मग अंगठा पाहिला. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"तुम्ही तिचा आवाज दाबलात," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढत गेला. "दर रविवारी! मी विचारत होते, आई कुठाय, आणि तुम्ही मला बदकाचा विनोद सांगत होतात! मी हसत होते, बाबा! ती आत मरत होती आणि मी तिथे बसून हसत होते!"

भोवती विद्यार्थी गोळा झाले. त्यांनी अदबीने रिंगण केलं. केस निळे केलेल्या एका मुलीने मला हळूच विचारलं, "हा प्रयोग कुणाचा आहे?" मी तिला गप्प करीपर्यंत हायडीचं बोलून संपलं, आणि त्या पोरांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

हायडी दचकली. "हे नाटक नाहीये!"

"अय्या, माफ करा," ती मुलगी लाल झाली. "आम्हाला वाटलं..."

वर्नरचा वरचा ओठ हलला. इतक्या वर्षांचा शेजार, मला तो ओठ कळतो. विनोद आला होता. आणि तो फार चांगला असणार. हायडीनेही ते पाहिलं, कोटाची बटणं लावत ती वाट पाहत राहिली. वर्नरनी ओठ मिटले. डोळे भरले तरी खाली घातले नाहीत.

पोरं पांगली. हायडीचे हात बटणांवरच थांबले.

"ती मला हाक मारायची?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

ती शेजारच्या बाकावर बसली. म्हणाली, "काय म्हणायची ते सांगा. तिच्याच शब्दांत. तुमचे नकोत."

वर्नर तिच्याजवळ बसले आणि एकेक शब्द आठवत सांगू लागले. ते माझ्या कानांसाठी नव्हतं. मी खुर्च्या पाहायला निघून गेले. पाठीमागून वर्नरचं बोलणं ऐकू येत नव्हतं, इतकं ते हळू होतं. फक्त हायडीचा आवाज येत होता. "मग?" आणि बऱ्याच वेळाने पुन्हा, "मग?"