परीक्षकांची दुसरी अट

सरळ सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. ती नवी डॉक्टर म्हणून नागपूरहून आमच्या हेब्बाळच्या हॉस्पिटलात आली तेव्हा यकृताची बायोप्सी मायक्रोस्कोपखाली कशी वाचायची, ते मीच तिला शिकवलं. तीन वर्षांत अवघड स्लाइड आली की आमचे विभागप्रमुख सर तिला हाक मारू लागले. यकृताच्या आजारावर पेपर लिहायचं ठरलं, तर पहिलं नाव तिचं आणि माझं चौथं. वीस वर्षं त्या खुर्चीवर बसून मी काय माश्या मारत होते?

जर्नलकडून पेपर परत आला आणि माझ्या पोटात दुखायचं जरा थांबलं. परीक्षकांचं म्हणणं होतं, एकटीच्या वाचनावर भागणार नाही. दुसऱ्या कुणी तिचे आकडे न बघता त्याच स्लाइड वाचाव्यात. यकृतात व्रण किती पसरलाय, त्याला शून्य ते चार असे अंक द्यायचे असतात. सरांनी ते काम मला दिलं. सरही माझ्यासारखेच, इथल्या जुन्या मराठी घरातले, बोलताना मधूनच कन्नड शब्द येणारे. "अक्का, तुमची नजर म्हणजे नजर," ते म्हणाले. त्या एका वाक्यावर मी त्या विभागात टिकून होते.

आकडे बघायचे नव्हते. पण तिचा कागद टेबलावरच होता आणि मी तो बघितला. बहुतेक स्लाइड वादाच्या नव्हत्या. जिथे दोन की तीन असा प्रश्न पडावा, तिथे तिने तीन दिला असेल तर मी दोन दिला, दोन असेल तर तीन. ती घाईने वाचते असं लोकांना वाटावं, एवढंच मला हवं होतं. तसं करताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

महिन्याभराने सरांनी परीक्षकांची दुसरी अट सांगितली. दोघींनी त्याच स्लाइड, क्रमांक बदलून, पुन्हा वाचायच्या. प्रत्येकीचं स्वतःशी तरी जुळतं का, ते त्यांना बघायचं होतं. या खेपेला कुठली स्लाइड कुठली, ते मला ओळखता येईना. मग जे दिसलं तेच लिहिलं.

तिचं तिच्याशी जुळलं. माझं माझ्याशी जुळलं नाही, आणि दुसऱ्या खेपेचे माझे अंक जवळजवळ सगळे तिच्यासारखेच होते. सरांनी तक्ते माझ्यापुढे ठेवले. ती शेजारीच उभी होती.

"सर, पहिल्या खेपेच्या आठवड्यात रोजच्या सगळ्या बायोप्सी मॅडमच बघत होत्या," ती म्हणाली. "दमल्या असतील."

सर कागद आवरत म्हणाले, "वय होतंच की, अक्का. डोळे स्वल्प दाखवून घ्या. तोवर अवघड स्लाइड हिच्याकडे राहू देत."

खरं सांगितलं असतं तर माझी नजर शाबूत ठरली असती, पण मग मी कशी आहे ते दोघांनाही कळलं असतं. मी "सरी, दाखवून घेते" म्हणाले. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, नंबर मुळीच बदललेला नाही. त्याच नंबरच्या काचा मी नव्या फ्रेममध्ये बसवून घेतल्या, आणि सोमवारी सरांना सांगितलं की नंबर बराच वाढला होता.