काजूच्या पालवीवरची पहिली फवारणी

आजऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या उतरणीला आमची काजूची बाग. मी प्राथमिक शाळेत असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती लावली. खड्डे त्यांनी आणि आईने मिळून खणले आणि पहिले दोन उन्हाळे रोपांना कळशीने पाणी घातलं. त्यामुळे शेतकीची पदवी घेऊन मी घरी आले आणि या झाडांना पानांवर खत फवारायचं म्हणाले, तेव्हा त्यांना ते फारसं रुचलं नाही. खत बुडात घालायचं असतं, पानं काय पिणार, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पानांची बारीक छिद्रं समजावली, पावसाळा सरल्यावर फुटणारी पालवी आणि तिची भूक समजावली. झाडं अंगाने बरी होती, पण मोहोर तुरळक यायचा आणि त्यातलाही बराच गळायचा. शेवटी ते म्हणाले, "तू शिकून आलीयास. कर."

घरात माझ्या शब्दावर काही व्हायची ती पहिलीच वेळ. मला रात्रभर झोप नव्हती.

ऑक्टोबरात पालवी आली. तांबूस, कोवळी, हात लावला तर ओलसर वाटावी अशी. मी पाण्यात विरघळणारं खत आणलं, आमच्याकडे त्याला नुसतं 'एकोणीस-एकोणीस' म्हणतात. दोनशे लिटरच्या पिंपाला दोन किलो, असं माप. सकाळी पिंपात खत ओतलं, मोटर चालू केली, आणि पिंप निम्मं भरलं न भरलं तोच वीज गेली.

आबा पाठीला पंप बांधून उभे. आम्ही वाट बघितली. नऊ वाजले, दहा वाजले. अकराच्या सुमारास मला वाटायला लागलं, आता वीज संध्याकाळशिवाय येत नाही. "आज राहू दे" म्हणायची मला लाज वाटली. थोडं कडक झालं तर काय बिघडतंय, असं मनाशी म्हटलं आणि आबांना सुरुवात करायला सांगितलं. पाणी निम्मंच आहे, हे बोलले नाही. भर उन्हात खालच्या तीन ओळी झाल्या.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. पाचव्या दिवशी शेंडे काळे पडून गुंडाळले गेले. वरच्या ओळी तांबूस चमकत होत्या आणि खालच्या तीन ओळी विस्तवाची धग लागल्यासारख्या. वाटेने जाणारे थांबून विचारायला लागले. शेजारचे एक काका म्हणाले, पोरीच्या शिक्षणानं झालं का हे? मी गोठ्यात होते, मला सगळं ऐकू येत होतं. आबा म्हणाले, "तिचं काय न्हाय. माझा हात जड झाला, माप चुकलं."

तरीही मी बाहेर गेले नाही. त्यानंतरचे आठ दिवस आम्ही जेवायला समोरासमोर बसायचो आणि पावसाविषयी, म्हशीविषयी बोलायचो.

पंप गळत होता म्हणून बाजारच्या दिवशी आम्ही दोघं आजऱ्याला गेलो. तिथे पंप दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते, सगळा तालुका त्यांना चाचा म्हणायचा. आबांनी खिशातून करपलेलं पान काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. चाचांनी ते उलटंपालटं केलं. औषध कडक झालंय आणि मारलंयही उन्हात, असं त्यांनी सांगितलं. आबा पुन्हा तेच म्हणाले, माझ्या हातनं झालं. मग मात्र मला राहवेना.

"आबांच्या हातनं नाही झालं," मी म्हणाले. "पाणी निम्मंच होतं. मला माहीत होतं."

चाचांनी मान वर केली नाही. पंपाचा वायसर बदलला, नोझल सुईने साफ केलं आणि रस्त्यावर फवारून दाखवलं. आधी जाड थेंब पडत होते, आता धुकं पडायला लागलं. पान भिजावं, पण त्यावरून थेंब गळू नये. दव सुकल्यावर मारायचं नाहीतर चारनंतर. आणि आधी एकाच झाडावर मारून चार दिवस बघायचं. एवढं सगळं त्यांनी मला सांगितलं, आबांना नाही.

परतताना एस.टी.त आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला ठावं हुतं. भरल्या पिंपात बारा पंप व्हायला पायजेत, सहातच संपलं की."

मग बोलला का नाहीत, असं विचारायला माझं तोंड उघडेना.

त्या वर्षी खालच्या ओळी उशिरा आणि कमी मोहरल्या. दरम्यान मला कोल्हापुरात नोकरी लागली. पुढच्या ऑक्टोबरात आबांचा फोन आला, "पालवी फुटलीया. कवा येतीस?" मी म्हटलं, गावातल्या कुणाला तरी विचारा. ते म्हणाले, "तूच ये."

रजा काढून गेले. एका झाडावर फवारलं आणि चार दिवस रोज सकाळी दोघं जाऊन ते झाड बघत राहिलो. पानाला डाग नव्हता. मग बाकीची बाग केली. मोहोराच्या तोंडावर पुन्हा एकदा, मोहोर गळू नये म्हणून बोरॉन घालून. जानेवारीत झाडं अशी मोहरली की खालून फांदी दिसेना. मोहोरावर मुंग्या फिरायला लागल्या की काजू धरणार, असं आबांचं गणित; त्या मुंग्याही आल्या. सगळं श्रेय फवारणीचं नव्हतं, त्या साली हवाही साथीला होती आणि बुडात शेणखत पडलंच होतं. पण आबा शेजारच्या काकांना मुद्दाम बागेत घेऊन गेले, हे आईने मला फोनवर सांगितलं.

त्यानंतर वीसेक वर्षं ऑक्टोबरात मी घरी जात राहिले. आता माझा धाकटा भाऊ बॅटरीच्या पंपाने फवारतो. काम पटकन होतं, पण जुन्या पंपाच्या दांड्याचा तो खटक-खटक आवाज आणि त्या आवाजावरून आबा कुठल्या ओळीत आहेत हे ओळखणं, दोन्ही गेलं.

शेवटच्या हिवाळ्यात आबांना उतरण चढवेना. मी मोहोराची एक फांदी आणून त्यांच्या हातात दिली. बारीक गुलाबी रेघांची फुलं त्यांनी नाकाशी नेली आणि विचारलं, "मुंग्या आल्यात का?"

आल्यात म्हटलं. एक मुंगी फांदीवरून उतरून त्यांच्या मनगटावर चढली होती. मी झटकायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ती कुठे जाते ते बघत बसले.