लवणारं कापड

वैशाखातल्या दुपारी शिलाई मशीनच्या तेलाला एक निराळाच गंध येतो. लोखंड तापतं, तेल पातळ होतं, आणि दारावर टांगलेल्या वाळ्याच्या ओल्या ताटीचा हिरवट, शीतल दरवळ त्यात मिसळून मधल्या खोलीत रेंगाळत राहतो. बाहेर नागपूरचं ऊन पांढऱ्या ज्वालेसारखं उभं असतं; रस्त्यावर माणूस नाही, पाखरू नाही, कडुनिंबाची सावलीसुद्धा बुंध्याला बिलगून बसलेली. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी, त्या तेलकट हिरव्या गंधात, मी माझ्या वहिनीसाठी मॅक्सी शिवायला घेतली. हौस म्हणून नव्हे. संतापाने.

संतापाचं कारण होतं एक नाडी. वहिनीच्या पोटाचं ऑपरेशन होऊन ती नुकतीच घरी आली होती आणि टाके नेमके तिथे, जिथे परकराची नाडी बसते. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मनगटाची नाडी पाहिली आणि कमरेच्या नाडीवर बंदी घातली. आपल्या भाषेने या दोन गोष्टींना एकच शब्द का द्यावा, याचा मी त्या दिवसांत पुष्कळ विचार केला. एक आपण जिवंत आहोत हे सांगते. दुसरी आयुष्यभर आवळत राहते, इतकी की साडी नेसणाऱ्या बहुतेक बायकांच्या कमरेभोवती तिचा काळपट वळ उमटलेला असतो, आणि तो जन्मखुणेसारखा शरीराचाच भाग आहे असं त्या धरून चालतात. मी बायकांच्या सभांतून बोलते, पत्रकं लिहिते, सायक्लोस्टाइलच्या शाईने माझी बोटं काळी झालेली असतात. हुंडा, मजुरी, नळाचं पाणी यांवर लिहिलेलं लोक वाचतात. या वळावर लिहिलं तर म्हणतात, हिला काही लाजलज्जा? लाज वळाची वाटायला हवी की वळ दाखवणाऱ्याची, एवढं तरी कुणी मला सांगावं.

तर वहिनी दादाची धुवट चादर गुंडाळून मागच्या खोलीत पडून असायची, आणि तिकडे नरखेड तालुक्यात, संत्र्यांच्या बागांमधल्या तिच्या गावी, रत्नाचं लग्न ठरलं होतं. रत्ना तिची धाकटी बहीण. आई लवकर गेल्यावर वहिनीनेच तिला वाढवलेली, न्हाऊमाखू घातलेली, शाळेत धाडलेली. मांडवात आईच्या जागी उभं राहायचं ते वहिनीने. ती गेली नसती तर ती जागा रिकामी राहिली असती, आणि रत्नाने पुढे जन्मभर ती रिकामी जागाच आठवली असती. साडी नेसवत नव्हती, एवढ्याच कारणासाठी!

मी म्हटलं, मॅक्सी शिवते. खांद्यावरून सोडायची, पायघोळ, कमरेला काही नको. आईने हातातलं सूप खाली ठेवलं.

“मॅक्सी? गाऊन घालून मांडवात? झोपेतून उठून आली म्हणतीन लोक!”

“म्हणू देत. झोपेतून उठून का होईना, आली तर म्हणतील.”

“तुले काय होते वं बोलाले! निस्तरावं मले लागते.”

वहिनी आतून क्षीण आवाजात म्हणाली, “राहू दे वं शीला. मायापायी रत्नाचं हसं नको.”

या वाक्याने मला जितका राग आला तितका कुठल्याही जमीनदाराने, कुठल्याही साहेबाने आणलेला नाही. तशीच उठले आणि सायकल काढली.

सीताबर्डीच्या दुकानांत काचेमागे मॅक्सी नुकत्याच उभ्या राहू लागल्या होत्या, टेरिकॉटच्या, कडक, कमरेला पट्टा आवळलेल्या. म्हणजे नाडीचाच शहरी अवतार. त्यांना ओलांडून मी गांधीबागेत गेले. तिथे बनियनचं कापड मिळतं. ते वारावर मोजत नाहीत, भाजीसारखं तागडीत घालून तोलतात. सुती, पांढरं, मऊ. आणि विणलेलं कसं, तर अखंड नळीसारखं, दोन्ही बाजूंना जोडच नाही. हात आत घालून बोटं पसरली की ते बोटांबरोबर पसरतं, हात काढला की शांतपणे आपल्या जागी परत येतं. तळ्यात खडा पडून पाणी पुन्हा सपाट व्हावं तसं. त्या पांढऱ्या मऊपणाला बाजारातल्या धुळीतही कोऱ्या कापसाचा, उन्हात तापलेल्या रानाचा वास होता. मी तिथेच उभी राहून ते गालाला लावलं. दुकानदार बघत राहिला. बघू दे.

पहिली मॅक्सी फसली. गळा कापला, खांदे जोडले, बाह्या लावल्या, पायात घोटाळू नये म्हणून खाली घेराला दोन तिकोनी कळ्या घातल्या, सगळं पॉपलिनचं शिवावं तसं सरळ टाक्यात. वहिनीने घालायला हात वर केले आणि काखेपासून खांद्यापर्यंत टर्र टर्र करत दोरा तुटत गेला. आई पदर तोंडाला लावून हसली. वहिनीसुद्धा हसली, मग पोटावर हात दाबून कळवळली, आणि पुन्हा हसली. ऑपरेशननंतरचं तिचं ते पहिलं हसू होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे मात्र मांडवातली ती रिकामी जागाच उभी राहिली.

दोरीवर दादाचं बनियन वाळत होतं. मी ते ओढून काढलं, उलटं केलं आणि वहिनीच्या उशाशी बसून आम्ही दोघी ते परीक्षेच्या पुस्तकासारखं वाचू लागलो. वहिनीने शिवण दोन्ही हातांनी ताणली. शिवणही ताणली गेली. तिच्यातला दोरा सरळ धावत नव्हता, वळणं घेत होता, आणि ताण आला की ती वळणं उलगडून लांब होत होती. तेव्हा मला कळलं ते शिवणकामापुरतं नव्हतं. घामाला पिणारं, हातापायांबरोबर चालणारं, श्वासाबरोबर फुगणारं कापड या देशात कधीचं होतं. ते पुरुषांच्या अंगावर होतं. त्यांच्यासाठी कापड लवतं, आणि आपण कापडासाठी लवतो, आवळतो, सावरतो, खोचतो.

“काय पाहून राहिल्या दोघी त्या बनियनमध्ये?” आईने विचारलं.

“अन्याय,” मी म्हटलं.

“धुतलेलं आहे ना?”

मग मी दोरा ढिला केला, मशीनचं पायडल अगदी हळू चालवलं, आणि सुईखालचं कापड किंचित ताणत, डावीउजवीकडे हलवत नागमोडी शिवण घालत गेले. शिवण वेडीवाकडी आली. आमच्या घराशेजारून वाहणाऱ्या नाल्यासारखी. पण वहिनीने हात वर केले, पुढे वाकवले, मागे नेले, आणि दोरा तुटला नाही. तिने पुन्हा हात वर केले. मग गरज नसताना आणखी एकदा. ताटीतून झिरपलेला हिरवा उजेड त्या पांढऱ्या कापडावर पाण्यासारखा हलत होता आणि ती खोलीच्या मध्यभागी, कुठे काही धरून न ठेवता, दोन्ही हात मोकळे सोडून उभी होती. आई उठली. मग पेटी उघडून तिने निळ्या काठाची पांढरी ओढणी काढली आणि वहिनीच्या खांद्यावर टाकली.

“अशीच घेजो,” एवढंच म्हणाली.

आम्हा बौद्धांत मंगलकार्याचा रंग पांढरा. मांडवात दोन तसबिरींना हार घातलेले, उदबत्तीचा धूर, उकळत्या डाळीचा वास, विहिरीवरच्या पंपाची दूरवर टकटक, आणि शुभ्र लुगड्यांतल्या बायकांच्या रांगा. एसटीतून वहिनी माझ्या हाताला धरून, पण स्वतःच्या पायांनी उतरली. दारातच तिच्या आत्याने, जिच्या शब्दाला सगळं गाव वचकतं, तिला नखशिखांत न्याहाळलं.

“हे काय घातलं वं? तुह्या सासरी साड्यांचा दुष्काळ पडला का?”

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, पत्रकाच्या मथळ्यासारखं ठणठणीत. पण वहिनीच बोलली.

“साडी पेटीत आहे आत्या. पोट मायं आहे.”

मागच्या रांगेतून एक बाई खदखदून हसली, दुसरी हसली, हसू मांडवभर पसरलं, आणि ते वहिनीवरचं नव्हतं. वंदनेला सगळे उभे राहिले तेव्हा रत्नाच्या मागे, आईच्या जागी, वहिनी उभी होती. पांढऱ्यात पांढरी. तिला कुणी वेगळं काढू शकलं नसतं. रत्नाने मागे हात केला आणि तिने तो धरला. मी आजवर पुष्कळ सभा पाहिल्या, घोषणांनी गजबजलेले चौक पाहिले; त्यांतला एकही मला त्या क्षणाइतका जिंकलेला वाटला नाही.

जेवणं उरकल्यावर आत्या माझ्याकडे आली, इकडेतिकडे बघून वहिनीच्या ओढणीखालचं कापड चिमटीत धरल्यासारखी बोटं चोळत म्हणाली, “मायासाठी शिवशीन का? घरात घालाले. गळा थोडा वर घेजो.”

वहिनीला शोधत मी आतल्या खोलीत गेले. तिथे बायकांची गर्दी, भांड्यांचा खणखणाट, पोरांचं रडणं, कुणी कुणाला पानसुपारी मागतंय. त्या गदारोळाच्या मधोमध सतरंजीवर वहिनी झोपली होती. लग्नघरात, भरदुपारी, पाहुण्यांच्या देखत. मी बायकांना असं झोपलेलं कधी पाहिलेलं नाही. त्या बसल्या बसल्या डुलकी घेतात, एक हात निऱ्यांवर ठेवून, कान उघडे ठेवून. वहिनीचे दोन्ही हात उघडे पडले होते, ओठ किंचित विलग होते. मला वाटलं कुणीतरी आता तिला हाक मारेल, पण एक बाई तिला ओलांडताना लुगडं उचलून अलगद गेली आणि दुसरीने पोराला गप्प केलं.

ही झोप कुठली मागणी म्हणून लिहावी, कुणाकडे मागावी, मला माहीत नाही. मी उंबऱ्यावर बसून राहिले. बाहेर बागांवरून तापलेला वारा आला, वहिनी झोपेतच कुशीवर वळली, गुडघे जरा पोटाशी घेतले, आणि कापड तिच्याबरोबर वळलं.