कोरसमधला तिसरा आवाज

मला अण्णांचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, कारखान्यातून आल्यावर सायकल भिंतीला टेकवायची त्यांची पद्धत आठवते, हातांचा ग्रीसचा वास तर आत्ताही आठवतो. माझे वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो आणि आमच्या घरात मोबाइल नव्हता. फोटो सात-आठ आहेत, आवाज कुठेच नाही. सिंगापूरला येऊन मला पंधरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात कधीतरी तो डोक्यातून निघून गेला. नेमका कधी गेला तेही सांगता येत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

त्यामुळे गावाकडच्या एका मित्रानं जुन्या रेकॉर्डिंगची एक फाइल फोनवर पाठवली, तेव्हा मी पाया लेबारच्या ऑफिसातली मीटिंग अर्धवट सोडून जिन्यात जाऊन बसलो. पुण्याजवळच्या आमच्या कामगार वसाहतीत एक गायन पार्टी होती. जयंतीला विहारासमोरच्या मैदानात संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम असायचा. एक मुख्य गायक, पेटी, ढोलकी, छोट्या टाळांची जोडी म्हणजे मंजिरी, आणि मागे कोरसला तिघं. अण्णा कोरसला असायचे. एकट्यानं ते कधीच गायले नाहीत, पण कोरसमध्ये त्यांचा आवाज सगळ्यांत खालचा आणि जाड, असं आई सांगायची. एका वर्षी कुणीतरी स्टेजवर टेपरेकॉर्डर ठेवून अख्खा कार्यक्रम उतरवून घेतला होता. ती कॅसेट मित्राला माळ्यावर सापडली होती, तिचीच त्यानं फाइल करून पाठवली होती.

जिन्यात बसून मी हेडफोनवर ऐकलं. गायक ऐकू येत होता, ढोलकी येत होती, मंजिरी तर कानात टोचत होती. कोरसचा मात्र नुसता गोळा झाला होता. त्या गोळ्यात कुठेतरी माझे वडील आहेत एवढंच मला कळत होतं.

नेमका त्याच सुमारास ऑफिसातला एक वरिष्ठ कायमचा मायदेशी निघाला आणि आपले स्पीकर मला देऊन गेला. कमरेएवढे उंच, दोघांनी मिळून उचलायचे. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते आले तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणाली, "आता इथं हे राहणार की आपण?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. एवढे मोठे स्पीकर तो गोळा नक्की सोडवतील, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

टीव्हीच्या कपाटातला लहानसा अ‍ॅम्प्लिफायर त्यांना जोडला, फाइल लावली, आवाज वाढवला. कोरस सुरू झाला आणि अ‍ॅम्प्लिफायर 'खट्' करून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा त्याच जागी बंद. मी इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर, मला हे आधीच कळायला हवं होतं. काही स्पीकर थोडक्यात भागवतात, हे मात्र खादाड होते. मागच्या पट्टीवर आठ ओहम लिहिलेलं असलं तरी खालच्या सुरांना ते प्रत्यक्षात तीनच्याही खाली उतरत. तिथे त्यांना एकदम भरपूर करंट लागे, आणि तो देण्याची ऐपत नसली की अ‍ॅम्प्लिफायर मान टाके. आणि अण्णांचा आवाज, आईच्या म्हणण्याप्रमाणे, नेमका तिथेच होता.

मग माझी दुकानवारी सुरू झाली. शहरातल्या एका जुन्या मॉलमध्ये हाय-फायची बरीच दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात साठीचे एक चिनी अंकल बसतात. त्यांच्याकडे येणारी माणसं सोबत उत्तम रेकॉर्डिंग घेऊन येतात, त्यात वादकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी माझा फोन पुढे केला. दोन मिनिटं ऐकून अंकलनी चष्मा काढला.

"धिस रेकॉर्डिंग व्हेरी बॅड. यू युज धिस टु चूज अ‍ॅम्प?"

"येस, अंकल."

"अय्यो," असं म्हणून त्यांनी चष्मा परत घातला आणि तरीही दुसरा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. भला माणूस.

पुढचे तीन रविवार मी तिथे घालवले. त्याच महिन्यात आई व्हिजिट पासवर आमच्याकडे आली होती. तिला बोटीतून पुलाउ उबीन बेटावर न्यायचं मी कबूल केलं होतं, आणि प्रत्येक रविवारी "पुढच्या आठवड्यात नक्की" असं सांगून सटकत होतो. तिच्याजवळ मी फाइलबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. आधी सगळं नीट जुळवायचं, तिन्ही आवाज सुटे करायचे आणि मगच तिला ऐकवायचं, असा माझा हट्ट होता. तो गोळा तिच्या कानावर पडू द्यायचा नव्हता. बायको म्हणायची, "अहो, निदान एकदा विचारा तरी त्यांना." पण मला चकित करायचं होतं ना. हा माझा स्वभाव तिच्या चांगला ओळखीचा आहे, तिनं विषय सोडून दिला.

शेवटी अंकलही कंटाळले. दोन अ‍ॅम्प्लिफायर आठवड्याच्या बोलीवर देत म्हणाले, "टेक होम. युअर रूम, युअर इअर."

आई संध्याकाळी खाली फिरायला गेली की मी ते लावून बघायचो. पहिला काळा आणि दगडासारखा जड होता. स्पीकर त्याच्यापुढे मुकाट्यानं वागत होते, करंटची ददात नव्हती. पण तो काहीच झाकत नसे. टेपची खरखर, माइकची शिट्टी आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ती मंजिरी. कोरसच्या ओळींवर ती अशी ठणठणायची की माझं डोकं उठायचं. तिसऱ्या कडव्यात तर एका ठिकाणी दोन ठोके गायबच होते आणि मग घाईघाईनं ताल परत पकडला जायचा. टेप तिथे झिजली असणार, असं मी अंकलना फोनवर सांगूनही टाकलं.

दुसरा अ‍ॅम्प्लिफायर जुन्या धाटणीचा होता, बराच तापायचा, पण स्वभावानं मऊ. तोही स्पीकरना पुरून उरत होता, फक्त वरचे सूर जरासे दाबायचा. त्याच्यावर मंजिरी मागे सरली आणि कोरस पुढे आला. मला दोन आवाज स्पष्ट वेगळे ऐकू आले. तिसरा जवळजवळ आला, असं मी स्वतःला चार दिवस पटवत राहिलो. मुलीला मध्ये बसवून दोन्ही ऐकवले, तर ती म्हणाली, "डॅडी, बोथ सेम लाह," आणि उठून गेली.

मी दुसरा घ्यायचं ठरवलं. अंकलना कळवलं, पहिला खोक्यात भरून दाराशी ठेवला. आणि त्या रविवारी सकाळी आईला सोफ्याच्या बरोबर मध्यभागी बसवलं. तिला चार बोटं डावीकडे सरकायला सांगितलं तेव्हा ती हसत म्हणाली, "काय फोटो काढतोस का माझा?"

मी फाइल लावली. पहिल्याच आलापाला तिनं गायक ओळखला. मग ढोलकीवाला. तिचा हात आपोआप गुडघ्यावर ताल धरू लागला. आपण बाजी मारली असं मला वाटलं.

"आता कोरस येईल," मी म्हणालो. "तिघांतला अण्णांचा आवाज कोणता ते सांग."

कोरस आला, गेला, पुन्हा आला. आईनं कान देऊन ऐकलं.

"दोघंच आहेत की रे."

"तिसरे अण्णा ना."

"ते कुठं गायले त्या वर्षी. घसा पार बसला होता त्यांचा, आठवडाभर मीठपाण्याच्या गुळण्या करत होते. आणि मंजिरीवाला ऐनवेळी बहिणीच्या लग्नाला गेला. म्हणून मंजिरी यांच्या हातात दिली."

"मला आठवतंय, ते गात होते."

"तुला काय आठवणार? तू माझ्या मांडीवर झोपला होतास." मग ती स्पीकरकडे बघत म्हणाली, "पण अशी कशी वाजतेय ती? फडक्यात गुंडाळल्यासारखी. यांचा हात जड होता. चांगली ठणठणीत वाजायची."

तीन रविवार मी आईला घरी बसवून दुकानात बसलो होतो, आणि तिथे बसून अण्णांना गप्प करणारं यंत्र शोधत होतो. अण्णा पहिल्या दिवशी जिन्यातल्या हेडफोनवरही वाजत होते, आणि मी त्यांच्यावर वैतागत होतो. मला रडू आलं, पण त्याआधी स्वतःचा संताप आला. त्यांचा आवाज या कॅसेटवर नाही, म्हणजे आता तो जगात कुठेच नाही, हेही तेव्हाच कळलं.

मी दाराशी जाऊन खोकं उघडलं. जड अ‍ॅम्प्लिफायर परत आणला, वायरी काढल्या, जोडल्या. पंधरा मिनिटं गेली असतील. आई जागची हलली नाही, मी सांगितलेली चार बोटंसुद्धा नाही.

मंजिरी वाजली. ठणठणीत, कानात टोचणारी. आई हसली आणि गुडघ्यावर ताल धरून बसली. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसऱ्या कडव्यात ती झिजलेली जागा आली आणि आईचा हात बरोबर तिथेच थांबला.

"इथं चुकले बघ," ती म्हणाली. "माझ्याकडं बघत होते. तू झोपलास का, असं खुणेनं विचारलं. मी मान हलवली, तेवढ्यात दोन ठोके गेले. ढोलकीवाला केवढा तापला होता नंतर."

ती जागा आम्ही पुन्हा ऐकली. मग पुन्हा. आईनं थांब म्हटलं नाही, मीही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी अंकलना फोन करून म्हटलं की पहिला ठेवतो, दुसरा परत आणतो. ते बुचकळ्यात पडले. "यू सेड टू शार्प. यू सेड टेप ऑल्सो स्पॉइल्ड."

"टेप चांगली आहे, अंकल," मी त्यांच्या इंग्रजीत सांगितलं. "तिथे माझे वडील माझ्याकडे बघत होते."